मोबाईलमधला इतिहास आणि आपली जबाबदारी

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त झालेल्या कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



मी काही मोठा विद्वान नाही. उभा जन्म प्राथमिक शाळेत फळा-खडू घेऊन गेला. तेव्हा समितीने मला बोलायला सांगितले, त्या वेळी मी विषय विचारला. ते म्हणाले, गुरुजी, विषय तुम्हीच ठरवा. मग मी विषय घेतला तो माझ्या नातवाचा.

झाले असे, की नववीतल्या माझ्या नातवाने एके दिवशी जेवताना मला विचारले, "आजोबा, शाळेच्या पुस्तकातला इतिहास खरा, का यूट्यूबवरचा खरा?" मी तोंडात घास घेऊन तसाच बसलो. मास्तर असूनही मला सरळ उत्तर देता आले नाही. आज जे बोलणार आहे ते त्या लेकराला द्यायचे राहिलेले उत्तर आहे असे समजा.

बंधू-भगिनींनो, शाळेबाहेर इतिहास शिकणे ही आपल्याला नवी गोष्ट नाही. आपला इतिहास शाळेत कोणी शिकवत नव्हते, म्हणून आपल्या माणसांनी तो दुसरीकडे शिकवला. महात्मा फुल्यांनी 1869 साली शिवाजीराजांचा पवाडा लिहिला आणि 1873 साली 'गुलामगिरी' लिहिली. ती पुस्तके काही सरकारी अभ्यासक्रमासाठी नव्हती. बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' काढले, त्याला छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली. पुढे 1927 साली 'बहिष्कृत भारत', 1930 साली 'जनता' आणि 1956 साली 'प्रबुद्ध भारत' निघाले. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी भीमराव कर्डकांसारख्या कलावंतांचे जलसे होते. गॅसबत्तीच्या उजेडात, डफ-ढोलकीवर, अंगठाबहाद्दर माणूसही महाडचे तळे काय आणि काळाराम मंदिर काय हे समजून घेत होता. 1989 साली उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोन भगिनींनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक लिहिले. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना जाऊन भेटून, त्यांच्या तोंडून ऐकून त्यांनी तो इतिहास कागदावर आणला. नाही तर त्या बायका गेल्या असत्या आणि त्यांच्याबरोबर सगळेच गेले असते.

तेव्हा आजचे यूट्यूब चॅनल हा त्याच जलशाचा नातू आहे असे मी मानतो. यूट्यूब 2005 साली निघाले, पण आपल्या वस्तीत ते खरे आले ते 2016 नंतर, जिओमुळे इंटरनेट स्वस्त झाले तेव्हा. आता ज्या घरात पुस्तकाचे कपाट नाही त्या घरातही मोबाईल आहे. आमच्या शेजारची एक अक्का दिवसभर सोयाबीनची काढणी करून येते आणि रात्री भाकरी थापता थापता अजिंठ्याच्या लेण्याची माहिती ऐकते. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. शाळेत दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून 40 गुणांचा एक पेपर. त्यात जगाचे सगळे बसवायचे म्हटल्यावर आपल्या वाट्याला किती ओळी येणार? ती भूक हे चॅनलवाले भागवतात. हिंदीत 'सायन्स जर्नी'सारख्या चॅनलवर बौद्ध इतिहासावर तास-तास वाद चालतात. आपल्या मराठीतही लेणी दाखवणारे, धम्मलिपी शिकवणारे तरुण आहेत. धम्मलिपी म्हणजे ज्याला पुस्तकात ब्राह्मी म्हणतात तीच. सम्राट अशोकाने आपल्या लेखांना 'धंमलिपि' म्हटले आहे, म्हणून आपली मंडळी ते नाव वापरतात. कॉलेजची पायरी न चढलेला पोरगा आज मोबाईलवर पाहून दोन हजार वर्षांपूर्वीचे अक्षर ओळखू लागला आहे. याचा मला अभिमान वाटतो, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचे बोलणे कोणाला टोचणार नाही.

आता दुसरी बाजू. ती सांगताना मी दुसऱ्याला नावे ठेवणार नाही, स्वतःचीच चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका गावी 14 एप्रिलला मला भाषणाला बोलावले होते. मी आदल्या रात्री तीन-चार व्हिडिओ पाहिले आणि दुसऱ्या दिवशी जोरात ठोकून दिले, की भीमा कोरेगावला 500 महार सैनिकांनी पेशव्यांचे 28,000 सैन्य कापून काढले! टाळ्यांचा कडकडाट झाला. मला बरे वाटले. कार्यक्रम संपल्यावर कॉलेजात शिकणारी एक मुलगी जवळ आली. जयभीम करून म्हणाली, "काका, ते 28,000 सगळे लढाईत उतरले होते का? आणि 500 सगळे महारच होते का?" मी म्हणालो, व्हिडिओत तसे आहे. ती म्हणाली, "व्हिडिओवाल्याने कुठून घेतले?" मला उत्तर आले नाही.

घरी येऊन मी पुस्तके चाळली. 1 जानेवारी 1818 रोजी कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली कंपनीचे साधारण 800 च्या वर लोक होते. त्यात 500 च्या आसपास पायदळ, बाकी घोडेस्वार आणि थोडे तोफखान्याचे गोरे. पायदळात महार सैनिक मोठ्या संख्येने होते, पण त्यांच्याबरोबर मराठे, मुसलमान, रजपूत असेही होते. पेशव्याच्या फौजेचा आकडा 28,000 पर्यंत सांगतात, पण प्रत्यक्ष गावावर चालून आलेली तुकडी सुमारे 2,000 ची होती. दिवसभर अन्नपाण्यावाचून त्या मूठभर लोकांनी गाव लढवले, रात्र पडली तरी सोडले नाही. शेवटी पेशव्याची फौज निघून गेली.

आता मला सांगा, यात आपले काय कमी झाले? विजयस्तंभावरच्या यादीत शेवटी 'नाक' असलेली आपल्या पूर्वजांची नावे दगडात कोरलेली आहेत, ती कोणीही जाऊन बोट लावून वाचावीत. 1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेब स्वतः तिथे गेले, मानवंदना दिली. ज्यांना गावात माणूस म्हणून उभे राहू देत नव्हते त्यांचे नाव दगडावर आहे, एवढे सत्यच एवढे मोठे आहे की त्याला फुगवायची गरज नाही. उलट मी फुगवून सांगितलेला आकडा घेऊन आपले पोरगे वर्गात उभे राहते, कोणी तरी पुस्तक दाखवून त्याला खोटे पाडते, आणि मग ते पोरगे खऱ्या गोष्टीवरही विश्वास ठेवेनासे होते. टाळ्या मला मिळाल्या आणि मान खाली गेली लेकराची. त्या मुलीचे उपकार मी विसरणार नाही.

असे का होते, तेही समजून घेतले पाहिजे. यूट्यूबवर जाहिरातीचा पैसा लोक किती पाहतात आणि किती वेळ पाहतात यावर असतो. साधे सरळ सांगितले तर कोणी थांबत नाही. म्हणून बाहेरच्या चित्रावर लाल अक्षरात लिहायचे, 'हजारो वर्षे लपवलेले सत्य', 'हे पाहून तुमची झोप उडेल'. एक पाहिले की यंत्र तसलेच दुसरे पुढे आणून ठेवते. आपल्या बाजूचे बघणाऱ्याला आपल्याच बाजूचे, विरोधकाला विरोधकाचेच. मग प्रत्येकाला वाटते, सारे जग माझ्यासारखेच म्हणते आहे. हे दोष एकट्या कोण्या समाजाचे नाहीत. आपल्याविरुद्ध खोटा इतिहास सांगणारे चॅनल तर ढिगाने आहेत. पण त्यांच्या खोट्याला आपण खोट्याने उत्तर दिले तर मग फरक काय राहिला?

इतिहास कसा सिद्ध होतो याचे एक उदाहरण देतो, आणि तेही आपल्या भागातले. लेकरांनो, नीट ऐका. सम्राट अशोक जवळजवळ विसरला गेला होता. दगडावरची अक्षरे लोक बघत होते, पण वाचता कोणाला येत नव्हती. 1837 साली जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अधिकाऱ्याने ती लिपी उलगडली. तेव्हा समजले की 'देवानंपिय पियदसि' नावाचा राजा बोलतो आहे. पण हा कोण? श्रीलंकेच्या पाली ग्रंथांवरून जॉर्ज टर्नरने सांगितले, हा अशोक. तरी शंका होतीच, कारण तोवर वाचलेल्या लेखांत अशोक हे नाव नव्हते. मग 1915 साली रायचूर जिल्ह्यात मस्की येथे एक लेख सापडला आणि त्यात 'अशोक' हे नाव स्पष्ट निघाले. मस्की त्या वेळी निजामाच्या हैदराबाद राज्यात होते, जसा आपला उस्मानाबाद जिल्हा होता. म्हणजे ज्या राज्यात आपले आजे-पणजे राबत होते त्याच राज्याच्या मातीत अशोकाचे नाव पडून होते.

एवढ्यावर थांबले नाही. आपल्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात भीमेच्या काठी सन्नती आहे. तिथल्या चंद्रलांबा मंदिराच्या आवारात 1986 साली एका देवळाचे छत कोसळले आणि मूर्तीच्या खाली बसवलेला दगड उघडा पडला. तो अशोकाचा शिलालेख निघाला! जवळच कनगनहळ्ळीला पुढे उत्खनन झाले, मोठा स्तूप निघाला आणि राजा-राणीचे शिल्प निघाले, त्यावर 'राजा अशोक' असे ब्राह्मीत कोरलेले. बघा, 1837 ते आजपर्यंत एका माणसाचे नाव खात्रीने सांगायला किती जणांनी किती खपावे लागले. एक दगड, दुसरा दगड, सिंहलचा ग्रंथ, सगळे जुळले तेव्हा गोष्ट पक्की झाली. आणि आपण दहा मिनिटांच्या व्हिडिओत सगळे पक्के करून मोकळे होतो.

आपल्या जिल्ह्यात तेर आहे. जुने नाव तगर. सुमारे 2,000 वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक प्रवास-ग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे आणि तिथून पुष्कळ कापड गाड्यांतून भडोचला जाते असे लिहिले आहे. तेरचे त्रिविक्रम मंदिर विटांचे आहे आणि त्याचा मागचा भाग अर्धगोल आहे. ते मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे असे हेन्री कझिन्ससारख्या अभ्यासकांनी म्हटले आहे. तिथल्या लामतुरे संग्रहालयात त्या काळच्या वस्तू काचेत ठेवलेल्या आहेत. धाराशिवची लेणी मूळची बौद्ध की जैन, याबद्दल मात्र विद्वानांत मतभेद आहे. असा मतभेद असेल तर 'मतभेद आहे' असेच लेकरांना सांगावे. त्याने आपला कमीपणा होत नाही. एस.टी. किंवा टेम्पो करून एक दिवस तेरला जा, एवढी माझी आग्रहाची विनंती आहे. मोबाईलमधले तेर आणि पायाखालचे तेर यात फरक आहे.

आता कोणी म्हणेल, गुरुजी, इतकी शंका घेत बसलो तर आपला अभिमान कसा टिकायचा? याचे उत्तर बाबासाहेबांनीच देऊन ठेवले आहे. अस्पृश्य मूळचे कोण, यावर त्यांनी 1948 साली ग्रंथ लिहिला. एवढा प्रकांड पंडित, पण प्रस्तावनेत त्यांनी आपला सिद्धांत हाच शेवटचा शब्द आहे असा दावा केला नाही. पुरावा तुटतो तिथे अनुमान का करावे लागले हे सांगितले आणि वाचकाला तपासून पाहायला सांगितले. आणि तथागतांनी केसपुत्त गावी कालामांना काय सांगितले ते भन्तेजी आपल्याला नेहमी सांगतात. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून स्वीकारू नका. त्या यादीत आज 'मोबाईलवर आले म्हणून' हेही धरावे, असे मला वाटते.

म्हणून प्रत्येक व्हिडिओला चार प्रश्न विचारायची सवय लावा. सांगणारा कोण आहे? पुरावा कोणता देतो, लेख, ताम्रपट, पुस्तक, का नुसता आवाज चढवतो? तो पुरावा मला कुठे पाहता येईल? आणि वेगळे मत असणारा काय म्हणतो? या चारांतून उतरला तर पुढे पाठवा. नाही तर तिथेच थांबा. बाबासाहेबांच्या ग्रंथांचे खंड महाराष्ट्र शासन 1979 पासून प्रसिद्ध करीत आले आहे, ते इंटरनेटवरही फुकट वाचता येतात. व्हिडिओत बाबासाहेबांचे म्हणून जे वाक्य येते ते खंडात आहे का, हे शोधायला आता मुंबईला जावे लागत नाही.

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. आपण जगाचा इतिहास बघतो, पण आपल्या जळकोटचा इतिहास कोणाला माहीत आहे? 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय फौज सोलापूरकडून निजामाच्या राज्यात शिरली. पहिली लढाई नळदुर्गला झाली, बोरी नदीचा पूल फौजेने शाबूत हातात घेतला आणि सकाळी 9 च्या सुमारास रणगाडे आपल्या या जळकोटात आले. दुपारी सव्वातीनपर्यंत ते उमरग्याला पोचले होते. ज्या हमरस्त्यावर आपण रोज चहा पितो तिथून हा इतिहास गेला! मी शाळेत हे पोरांना विचारले तर एकालाही माहीत नव्हते. आमची आजी सांगायची, की लोखंडाचा आवाज ऐकून बायका लेकरे घेऊन ज्वारीत लपल्या होत्या. आजी गेली. आम्ही तिचे बोलणे कुठे लिहून ठेवले नाही. ही चुटपुट मला मरेपर्यंत राहील.

आणि इतिहास सगळा सांगायचा. रझाकारांचा जुलूम सांगायचा, आणि त्यानंतर निरपराध मुसलमान कुटुंबांवर जे ओढवले तेही सांगायचे. त्याची चौकशी करायला पंडित सुंदरलाल समिती आली होती, आणि सर्वांत जास्त झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत आपला उस्मानाबाद होता असे तिने लिहिले. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. आपल्यावरचा अन्याय लपवला गेला म्हणून आपण ओरडतो, मग दुसऱ्यावरचा आपण लपवून कसे चालेल?

1941 च्या फेब्रुवारीत बाबासाहेब कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषदेला आले होते. त्यांना डोळ्यांनी पाहिलेले आज कोणी उरले असेल तर शंभरीच्या आसपास असेल. पण नामांतराची माणसे अजून आहेत. 27 जुलै 1978 ला विधिमंडळात ठराव झाला, मराठवाड्यात वस्त्या जळाल्या, आणि 14 जानेवारी 1994 ला विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागले. ही साडेपंधरा वर्षे ज्यांनी भोगली त्या आया-बाया आज इथे मागच्या भिंतीला टेकून बसल्या आहेत. त्यांना कोणी विचारले आहे का, की मायबाई, त्या दिवसांत तू काय पाहिलेस?

पोरांनो, हे काम तुमचे. मोबाईल तुमच्या हातात आहेच. आपापल्या आजी-आजोबांसमोर बसा, त्यांची परवानगी घ्या आणि त्यांचे बोलणे रेकॉर्ड करा. नाव, वय, गाव, तारीख आधी बोलून घ्या. मध्ये तोडू नका, संगीत घालू नका, त्यांच्या तोंडी आपले शब्द घालू नका. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर दोन्ही ठेवा. जे त्यांना सर्वांसमोर आणायचे नसेल ते आणू नका. मग ते वहीत उतरवा आणि वहीची एक प्रत विहारात ठेवा. वही कशाला, यूट्यूबवर टाकतो म्हणाल. जरूर टाका. पण चॅनल आपल्या मालकीचे नसते. 2024 च्या एप्रिलमध्ये, ऐन लोकसभा निवडणुकीत, नॅशनल दस्तक या बहुजनांच्या चॅनलला बंदीची नोटीस आल्याचे त्यांनीच जाहीर केले होते. परक्याच्या वाड्यात धान्य ठेवणाऱ्याने थोडे आपल्या घरच्या कणगीतही ठेवावे.

विहार समितीला माझी एक सूचना आहे. दर रविवारी वंदना झाल्यावर एक तास असा ठेवा, की सर्वांनी मिळून एक व्हिडिओ पाहायचा आणि मग त्याला ते चार प्रश्न विचारायचे. एक पोरगा पुस्तक शोधून आणील, एक मुलगी नकाशा काढील, एक म्हातारी म्हणेल, असे नव्हते बाबा, मी पाहिले आहे. ही आपली शाळा. पहिल्या कपाटासाठी माझ्याकडची पुस्तके मी आजच देतो, आणि वहीचा पहिला खर्चही माझा.

आता नातवाचे उत्तर. बाळा, शाळेच्या पुस्तकातले आहे म्हणून खरे नाही आणि यूट्यूबवरचे आहे म्हणूनही खरे नाही. पुरावा दाखवील तो खरा, आणि पुरावा बदलला तर आपले मत बदलायची हिंमत ठेवील तो खरा विद्यार्थी. तुझा आजोबा एका मुलीपुढे चुकला आणि शिकला. तूही चूक, पण शिक.

 बोलण्यात कोणाचे मन दुखावले असेल तर क्षमा असावी.

नमो बुद्धाय. जयभीम.